म्हशीला नाव ठेवू नका

भाद्रपदातल्या एका सकाळी दुधाचे कॅन जसेच्या तसे परत आले. आमच्या संस्थेचं कार्यालय म्हणजे चिंचवडच्या एका चाळीतल्या दोन खोल्या. दारात टेम्पो थांबला, ड्रायव्हरनं कॅन उतरवून ओट्यावर ठेवले आणि म्हणाला, "ताई, कँटीननं दूध घेतलं नाही. पाणी आहे म्हणतात." मी झाकण काढून पाहिलं. दूध चांगलं पांढरंशुभ्र होतं, नुसतं बघून कुणाला काही कळलं नसतं. मला पहिली आठवली ती डोंगरावरची मावशी.

ही सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. नवरा पिंपरीत एका कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला आणि मी या संस्थेत कार्यकर्ती. पगाराला तिथं मानधन म्हणत. मान होता, धनाचं विचारू नका. चाकण सोडून पश्चिमेला गेलं की डोंगर सुरू होतात. त्यांच्या माथ्यावर गवळी धनगरांच्या वस्त्या होत्या. खाली कारखाने उठले तशी वरची घरं रिकामी व्हायला लागली. कुणी कारखान्याच्या गेटवर बदली कामगार म्हणून उभा राही, कुणी खडी फोडायला जाई, बायका चाकणला कांद्याच्या वखारीत बसत. डोंगरातल्या माणसाला डोंगरातच पोट भरता यावं, एवढंच संस्थेचं म्हणणं होतं. या लोकांकडं म्हशी होत्या, दूध होतं. पण ते खाली पोचेपर्यंत नासायचं, म्हणून ते लोणी-तूप करून विकत. आम्ही कॅन दिले, पायथ्याशी टेम्पो उभा केला आणि पिंपरीच्या एका कारखान्याच्या कँटीनशी बोलणं केलं. चैत्रात दूध सुरू झालं. चहा इतका दाट व्हायला लागला की कामगार दुसरा कप मागत, असं नवऱ्याच्या ओळखीचे सांगायचे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

वस्तीतलं दूध गोळा करायचं काम मावशीकडं होतं. पन्नाशीची विधवा बाई, काटक, बोलायला तिखट. पहिल्या भेटीत तिनं मला सरळ जात विचारली होती. मीही सरळ सांगितली, आम्ही बौद्ध. तिनं चुलीवर आधण ठेवलं. मग चहा दिला, तो वेगळ्या कपात दिला, आणि मी तो तसाच ठेवून उठले. पुढच्या खेपेला तिच्या घरात जेवढे कप होते ते सगळे एका ताटात घालून तिनं माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाली, "घे, तुला कंचा पायजे त्यो." त्या दिवसापासून आमचं जमलं. आम्ही दोघी भांडकुदळ, म्हणून जास्तच जमलं.

तिच्या घरातला कर्ता पुरुष म्हणजे धाकटा दीर. त्याला म्हशी विकून पिंपरीला यायचं होतं. त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याची बायको वाटेतल्या ओढ्यात वाहून गेली होती, आणि तेव्हापासून त्याला त्या डोंगराचं तोंड बघवत नव्हतं. पण मावशीचं सगळं त्या म्हशींत होतं. नवरा गेला, पोटी मूल नाही, दावणीच्या तीन म्हशी तेवढ्या तिच्या. तिनं दिराकडून दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली होती. "दसऱ्यापातूर दूध कंपनीत जात ऱ्हायलं तर म्हशी दावनीला ऱ्हातील. बंद पडलं तर तू इक, मी त्वांड उघडनार न्हाई." हे माझ्यासमोर ठरलं होतं. दीर शब्दाचा पक्का होता, आणि मावशी त्याहून पक्की.

म्हणून ते परत आलेले कॅन बघून मला आधी मावशी आठवली.

त्याच दुपारी मी कँटीनमध्ये गेले. कँटीनचे मॅनेजर तसे सज्जन, पण कायद्याला बांधलेले. त्यांनी माझ्यासमोर दुधात लॅक्टोमीटर सोडला. ती काचेची नळी दाट दुधात उंच तरंगते आणि पाणी असलं की खाली बुडते. ती बुडाली. "बघा," ते म्हणाले, "उन्हाळ्यात तुमचं दूध फर्स्ट क्लास होतं. पाऊस सुरू झाला, पाणी फुकट मिळायला लागलं, आणि रीडिंग रोज खाली चाललंय. आम्ही काय समजायचं?" मी म्हटलं, ही माणसं तसली नाहीत. ते म्हणाले, "सगळेच तसं म्हणतात. पुढच्या आठवड्यात कँटीन कमिटीची मीटिंग आहे. त्यांना घेऊन या, खुलासा करा. पटला तर पुरवठा चालू, नाही तर बंद."

मी दुसऱ्याच दिवशी वर गेले आणि मावशीकडं मुक्काम केला. तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, आधी आपल्या डोळ्यांनी बघू. पहाटे धारा काढल्या, त्या मी शेजारी बसून पाहिल्या. भांड्यात पाण्याचा थेंब नव्हता. घराघरांतून दूध आलं, कॅनमध्ये पडलं, झाकणं लागली. मावशी आणि आणखी तिघी डोक्यावर कॅन घेऊन उतरायला लागल्या, त्यांच्यामागं मी. धुकं एवढं दाट होतं की पुढचीची टाच तेवढी दिसत होती. माझ्या मनावरचं ओझं उतरत चाललं होतं. पाणी नाहीच, मग मॅनेजरच्या नळीतच काही खोट असणार.

पहिल्या ओढ्यावर चौघी थांबल्या. कॅन खाली उतरवले, झाकणं उघडली. मावशीनं पेलाभर दूध ओढ्यात सोडलं, हात जोडले, आणि मग दोन्ही हातांची ओंजळ भरून ओढ्याचं पाणी घेतलं आणि कॅनमध्ये घातलं. बाकीच्या तिघींनीही तेच केलं. झाकणं लावली, कॅन डोक्यावर, आणि एकमेकींचा हात धरून मांडीभर पाण्यातून पलीकडं.

मी अलीकडंच उभी राहिले. मला ओरडायचं होतं, पण वाहत्या पाण्यात बायका होत्या, ओरडले असते तर एखादीचा पाय चुकला असता. त्या पलीकडं पोचल्यावर मी उतरले. पुढं दुसरा ओढा आला, तिथंही तेच. मग एक घळ, उन्हाळ्यात मी जिथं बसून भाकरी खाल्ली होती ती कोरडी घळ, आता पाण्यानं भरून वाहत होती. तिथंही तेच. उन्हाळ्यात त्या वाटेवर एकच ओढा वाहता असतो. पावसाळ्यात डोंगराला जिथं सुरकुती असेल तिथं पाणी. मॅनेजरची नळी खरं बोलत होती. पाऊस वाढत गेला तसं दुधात पाणी वाढत गेलं होतं, आणि तेही या बायका अगदी उजळ माथ्यानं घालत होत्या.

पायथ्याशी टेम्पो दूध घेऊन गेला. ते दूध परत येणार हे मला ठाऊक होतं. मग मात्र मी मावशीवर तुटून पडले. "पाणी घालता तुम्ही दुधात! कंपनीनं दूध परत पाठवलं परवा. तुम्हाला कळतं का, दूध बंद पडलं तर तुमच्या म्हशी जातील!"

मावशीला माझा राग कळेना. "आगं, आमी कुठं पानी घालतो? आसरा देत्यात. आपुन त्यांना दूध द्यायचं, त्या पानी देत्यात. मग वाट देत्यात."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी, हे मला माहीत होतं. पण मी कुठल्या घरातली! आम्ही धर्म बदलला तेव्हा माझ्या वडिलांनी घरातले सगळे देव नदीत सोडून दिले होते, आणि ही बाई नदीतून देव बाहेर काढून माझ्या कॅनमध्ये भरत होती. मी म्हटलं, "दूध द्या हवं तेवढं. पण पाणी घेऊ नका."

"देनाऱ्याचं न्हाई कसं म्हनायचं?"

"मग ओंजळीतलं पिऊन टाका."

"मला कुठं तान लागली व्हती? दुधाबद्दल दिल्यालं दुधातच जायाला पायजे."

"मावशी, एवढा पावसाळा सोडा. देवीला सांगा, कंपनीचा नियम आहे."

ती मागं वळली. मागच्या ओढ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "माझी जाऊ तितं गेली. त्या दिशी ती घाईत व्हती. काय न देता, न घेता उतारली. मी मागं व्हते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. आता ह्या तिघींना मी सांगू, जावा बायांनो तशाच? तू सांगशील?"

ओढ्यात माणूस वाहून जातो तो पाण्याच्या ओढीनं, हे मला कळत होतं आणि आजही माझं मत तेच आहे. पण त्या बायका ओंजळ घेऊन उतरताना किती ठाम पावलं टाकत होत्या, तेही मी नुकतंच पाहिलं होतं. उद्या मी त्यांना अडवलं आणि भीतीनं एखादीचा पाय डळमळला, तर? माझी हिंमत झाली नाही.

खाली येऊन मी आमच्या सचिवांना सगळं सांगितलं. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, कमिट्यांचं पाणी प्यायलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पावसाळ्यात म्हशी काय खातात?" मी म्हटलं, "ओलं गवत." "मग झालं तर. ओल्या वैरणीनं दूध पातळ होतं, हे कुणीही मान्य करील. मॅनेजरला तरी काय, फायलीला लावायला एक कारण पाहिजे. दसरा काढा. पुढं पाणी ओसरलं की आपोआप सगळं जागेवर येईल."

मला ते पटलं. लगेच पटलं, आणि त्याबद्दल मला अजूनही काही वाटत नाही. मीटिंगच्या आदल्या दिवशी मावशी खाली आली, माझ्याच घरी उतरली. मी तिला जेवू घालता घालता पढवलं. "उद्या एवढंच म्हणायचं, पावसाळ्यात म्हशी ओला चारा खातात, म्हणून दूध पातळ येतं. बस्स. आसरांचं नाव काढायचं नाही." तिनं "बरं" म्हटलं. पण जेवताना ती सारखी थांबत होती. माझ्या भाजीला मीठ जास्त झालंय की काय, असं मला वाटलं.

मीटिंग कँटीनच्याच एका कोपऱ्यात होती. लांब टेबल, पलीकडं मॅनेजर आणि कामगारांचे दोन प्रतिनिधी, अलीकडं सचिव, मी आणि मावशी. मावशी नवं लुगडं नेसून खुर्चीच्या कडेवर बसली होती. बाजूला भांडी धुवायचा मोठा आवाज चालला होता, म्हणून सगळे मोठ्यानं बोलत होते. मॅनेजरनी आकडे वाचून दाखवले. सचिवांनी ओल्या वैरणीचा मुद्दा मांडला, छान मांडला. एक प्रतिनिधी मान डोलवून म्हणाला, "बरोबर आहे साहेब, आमच्या गावाकडंही होतं तसं." मॅनेजरच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. माझ्या जिवात जीव आला.

फक्त रीत म्हणून त्यांनी मावशीला विचारलं, "काय आजी? म्हशीचं दूधच पातळ येतंय ना पावसाळ्यात?"

मावशीनं पदर सावरला. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला.

"बोला ना आजी. म्हैसच पातळ दूध देते, असंच लिहू ना?"

मावशी उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. असा अपमान तिच्या घरादाराचा कुणी केला नसेल. "माज्या म्हशीला नाव ठिवू नगा," ती म्हणाली. "माजी म्हैस कवा पातळ दूध दिती? पावसाळा न्हाई न् उन्हाळा न्हाई, दूध हाय तसं हाय. तिला कशापायी बोल लावता? पानी आमी घालतो."

नेमका भांड्यांचा आवाज तेव्हाच थांबला होता. सगळ्या कँटीनला ऐकू गेलं.

मला तिचा गळा धरावासा वाटला. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण तेव्हा तसंच वाटलं. एक वाक्य! एका वाक्यावर तिच्या म्हशी वाचत होत्या, आणि त्याच म्हशींच्या अब्रूसाठी तिनं ते वाक्य थुंकून टाकलं. मग तिनं ओढ्यांचं, आसरांचं, जावेचं सगळं सांगितलं. प्रतिनिधी खाली बघत ऐकत राहिले. मॅनेजरनी पेनाचं टोपण परत लावलं. ते हसले नाहीत, म्हणून मी त्यांना कधी नावं ठेवणार नाही.

"आजी," ते शेवटी म्हणाले, "उद्यापासून पाणी न घालता दूध आणाल? मी आठ दिवस तपासतो, चांगलं निघालं तर हे सगळं विसरतो."

सचिवांनी तिच्याकडं पाहिलं, मी पाहिलं. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं.

"पानी उतारलं की आनते," मावशी म्हणाली. "आत्ता वढे भरून चाललेत. बाया उतारनार न्हाईत, न् मी उतरा म्हननार न्हाई."

"मग माझा नाइलाज आहे."

"व्हय, तुमचा बी हायच की," मावशी म्हणाली आणि त्यांना नमस्कार केला.

बाहेर गेटवर पाळी सुटत होती, सायकलींचा लोंढा अंगावर येत होता. मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, म्हैस काय ऐकत होती का तिथं? तिला कुठं कळणार होतं, कुणी काय नाव ठेवलं ते? मावशीनं आधी रस्ता ओलांडला. मग म्हणाली, "तिच्या आजीच्या दुधावर माजं लगीन झालं, तिच्या दुधावर नवऱ्याचं दिवस झालं. तिच्या म्हागं तिला पातळ म्हनू?" एसटीत बसली, खिडकीतून म्हणाली, "तू जेवून घे, सकाळधरनं उपाशी हाईस." गाडी गेल्यावर मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसून रडले. रडू रागाचं होतं, दुसऱ्या कशाचं नव्हतं.

दसऱ्यापर्यंत मी धावपळ केली. दुसऱ्या कारखान्यात गेले, हॉस्पिटलात गेले, देहूच्या एका मिठाईवाल्याकडं गेले. पाणी घातलेलं दूध म्हणून आमचं नाव आधीच पोचलेलं असे. त्यात पाऊस आश्विनातही हटेना. दसऱ्याच्या दिवशी मी वर निरोप पाठवला की अजून थोडं थांबा. दिरानं उलटा निरोप पाठवला: मी थांबलो असतो, पण वहिनीच नको म्हणते, बोली ती बोली.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी म्हशी चाकणच्या बाजारात आल्या. त्या दुसऱ्या कुणाबरोबर चालायच्या नाहीत, म्हणून मावशीच त्यांना घेऊन आली होती. मीही गेले. का गेले, कुणास ठाऊक. बाजारात चिखल, शेणाचा वास, दलालांचा गलका. दीर मान खाली घालून उभा. मावशी मात्र म्हशींच्या पाठीवरनं हात फिरवत प्रत्येक गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत होती, "दूध बघा, मग बोला. असं दाट दूध ह्या बाजारात दावा." दोघे-तिघे बघून गेले. मग पिंपरीचा एक गोठेवाला आला. त्यानं तिन्ही म्हशींच्या कासा चाचपल्या, थोरलीची धार काढून बोटांवर चोळून पाहिली, आणि त्याचा चेहरा खुलला. दलालानं रुमाल टाकला, रुमालाखाली दिराच्या आणि त्याच्या बोटांनी सौदा ठरवला. भाव चांगलाच आला असणार, कारण दिरानं मान वर केली.

गोठेवाला खुशीत होता. "मावशी, काळजी करू नका," तो म्हणाला. "तुमच्या म्हशी चांगल्या ठिकाणी चालल्या. कंपनीच्या कँटीनचं दूध मिळालंय मला, नवीनच. आधी कुणी डोंगरातले देत होते, ते बंद केलं त्यांनी. मला आता दाट दुधाच्या म्हशी पाहिजेच होत्या."

मी मावशीकडं बघायचं टाळलं. दिरानं बघितलं आणि लगेच नजर फिरवली.

म्हैस विकली तरी तिचं दावं विकत नाहीत. मावशीनं एकेकीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गोठेवाल्यानं आपलं बांधलं. ती त्याला सांगत राहिली, थोरलीला आधी वैरण दाखवा मग पाणी, मधलीला डाव्या अंगानं पिळा, धाकटीपुढं कुत्रं येऊ देऊ नका. तो हो हो म्हणत होता. सगळं सांगून झाल्यावर ती जरा थांबली.

"आनि त्या कँटीनच्या सायबाला सांगा," ती म्हणाली, "म्हैस तीच हाय म्हनावं."

त्याला काही उमगलं नाही. "सांगतो की," म्हणून त्यानं दोर ओढला. धाकट्या दोघी चालायला लागल्या. थोरली मात्र चार पावलं गेली आणि मान वळवून उभी राहिली, ओढली तरी हलेना. मावशी दावी खांद्यावर टाकून चिखलात उभी होती. तिनं खाली वाकून एक खडा उचलला, थोरलीच्या पायाजवळ भिरकावला आणि ओरडली, "जा की गं आता. जा."